फोरमन पास झाले

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळे फोरमन म्हणतात. डेपोत म्हणतात, गल्लीत म्हणतात, आणि ताई रागावली की तीसुद्धा "फोरमनसाहेब" म्हणते. मी एकटी त्यांना भाऊजी म्हणते. ते मला मास्तरीणबाई म्हणतात, कारण मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि अजूनही लोकांच्या चुका काढल्याशिवाय मला चैन पडत नाही, असं त्यांचं मत. माझं मत विचाराल तर लोक चुका करतात म्हणून त्या काढाव्या लागतात.

भाऊजींचं उभं आयुष्य बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलं. दरवर्षी प्रत्येक गाडीची सरकारी तपासणी व्हायची, आणि भाऊजींच्या हातची गाडी नापास होऊन परत आली असं कधी झालं नाही. त्यामागे मेहनत होती, तशी लबाडीही होती. एखादी सीट खडखडत असली की ते स्वतः तिच्यावर जाऊन बसायचे आणि गाडी फेरी मारून येईपर्यंत इन्स्पेक्टरशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. त्यांच्या वजनाखाली सीट चिडीचूप. दार नीट लागत नसेल तर मोठ्या अदबीने इन्स्पेक्टरसाठी दार उघडायचे आणि त्याच्यामागे हळूच खांद्याने रेटून लावायचे. मात्र ब्रेकच्या बाबतीत हा माणूस एकदम कडक. ब्रेक मनासारखा लागत नसेल तर गाडी तपासणीला न्यायचेच नाहीत, मग वरून कितीही आरडाओरडा होवो. "सीट खडखडली तर माणूस वैतागतो, ब्रेक गेला तर मरतो," एवढंच बोलायचे आणि पुन्हा गाडीखाली शिरायचे.

या माणसाला एकट्याने जेवता येत नसे. येत नसे म्हणजे अगदी जमतच नसे. ताई कधी माहेरी आली की ते डबा घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे. डेपोच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावरून जो हशा उठायचा तो बाहेर रस्त्यावर ऐकू यायचा. तोंडात घास आणि घासाबरोबर गोष्ट, असं त्यांचं जेवण. मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल, भाऊजी, आधी गिळा, मग बोला. ते म्हणायचे, "मास्तरीणबाई, दोन्ही एकाच रस्त्याने जातात, रहदारी सांभाळायला मी आहे ना."

मग एका सकाळी मेंदूत गुठळी झाली आणि ती रहदारीच बिघडली. हात सुधारला, पाय सुधारला, बोलणंही जरा जड झालं तरी समजण्यासारखं राहिलं. पण घसा काही ऐकेना. आपण घोटभर पाणी पितो तेव्हा आत काय काय घडतं याचा आपण जन्मात विचार करत नाही. घशात दोन वाटा असतात, एक पोटाकडे, एक फुप्फुसाकडे, आणि गिळताना फुप्फुसाची वाट अगदी वेळेवर बंद व्हावी लागते. भाऊजींची ती वाट उशिरा बंद व्हायची. पाणी श्वासात जायचं. साधं पाणी! हॉस्पिटलमध्ये त्यामुळे एकदा न्यूमोनिया झाला आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी आले ते नियमांचं गाठोडं घेऊन. पाण्यात पावडर घालून ते घट्ट करायचं, खिमटासारखं. अन्न मऊ, गुठळी नको. घास छोटा. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, मग मुद्दाम खोकायचं, मग पुन्हा गिळायचं. आणि जेवताना बोलायचं नाही. हा शेवटचा नियम ऐकताना मी भाऊजींच्या तोंडाकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

हे सगळं शिकवायला हॉस्पिटलमध्ये एक थेरपिस्ट होती. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, शांत, केसांत नेहमी एक पेन खोचलेलं. ती भाऊजींच्या गळ्याच्या घाटीवर, म्हणजे कंठमण्यावर, दोन बोटं ठेवायची आणि म्हणायची, "गिळा." घाटी वर गेली की तिला किती आनंद व्हायचा! भाऊजींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव इन्स्पेक्टरबाई ठेवलं. आम्ही हसलो. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

महिने गेले. भाऊजी डेपोत अर्ध्या दिवसाच्या हलक्या कामावर जाऊ लागले. सुट्या भागांच्या खिडकीत बसायचं, कुणी बोल्ट मागितला तर बोल्ट द्यायचा, आणि दुपारी जेवायला घरी. मग एका भेटीला थेरपिस्टने एक छापील प्रश्नावली समोर ठेवली. म्हणाली, "काका, घाटी किती वर जाते ते मला बोटांना कळतं. पण तुमचं रोजचं जगणं कसं चाललंय ते बोटांना कळत नाही. ते मोजण्यासाठी हे प्रश्न आहेत. यात बरोबर-चूक काही नाही."

मला हे फार आवडलं. जगणंसुद्धा मोजता येतं आणि त्याला शंभरपैकी गुण देता येतात, हे ऐकून गणिताच्या बाईला दुसरं काय वाटणार? जेवायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो का. ठसका लागेल अशी भीती वाटते का. खाण्याची इच्छा मेली आहे का. प्रत्येकाला पाच उत्तरं, नेहमी ते कधीच नाही. भाऊजी ताठ बसले, जड जिभेने पण मोठ्या हुशारीने एकेक प्रश्न निकालात काढत गेले. वेळ? "नाही, नेहमीइतकाच." भीती? "छे." इच्छा? "भरपूर." ताई शेजारी बसून मांडीवरची पिशवी घट्ट धरून होती. तिने एकदा तोंड उघडलं, भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने मिटलं.

गुण नव्वदीच्या घरात आले. थेरपिस्ट खूश झाली. पुढच्या भेटीत शेवटचं बघू आणि मग तुमची थेरपी बंद करू, म्हणाली. पुष्कळ पेशंट जागेची वाट बघतायत. बाहेर आल्यावर भाऊजींनी छाती फुगवली. "पास!" म्हणाले. मी त्यांचं अभिनंदन केलं. आयुष्यभर वर्गात कॉपी पकडणारी मी, डोळ्यांसमोर झालेली कॉपी मला दिसली नाही.

दिसली ती त्याच आठवड्यात, आणि तीही योगायोगाने. मी ताईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, पण दुपारी माझी झोप असते, त्यामुळे त्या वेळी कधी खाली जात नाही. त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराचा नळ गळत होता म्हणून पाना मागायला गेले. दार उघडंच होतं. ताई ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच भात खात होती. ताट नाही, वाटी नाही, उभ्याउभ्या चमचा. जेवणाचं टेबल पुसलेलं, लखलखीत, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. आणि मागच्या खोलीतून रेडिओ नुसता किंचाळत होता.

"भाऊजी कुठेत?"

"जेवतायत," ताई म्हणाली आणि चमचा खाली ठेवला, जणू चोरी पकडली.

मागची खोली म्हणजे शिलाई मशीन आणि जुन्या गाद्या ठेवायची जागा. दाराला आतून कडी. मी कान लावला. रेडिओवर कुणी तरी हवामान सांगत होतं आणि त्या आवाजाखाली, अगदी खाली दाबलेला, एक माणूस खोकत होता. थांबत होता, आणि पुन्हा खोकत होता. ज्याला रेडिओ कधी सहन झाला नाही, तो माणूस रेडिओ लावून जेवत होता.

मी दार ठोठावणार होते. ताईने माझा हात धरला. "नको गं. दाराशी कुणी आहे कळलं की ते तसंच ताट बाजूला ठेवतात. मग दिवसभर उपाशी."

"आणि तू?"

"मी काय. ते आत, मी इथे. एकटीसाठी ताट कशाला मांडायचं?"

माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या वेळी राग आला नाही. डेपोत लोकांना वाटत होतं फोरमन घरी जेवतात. घरच्या लोकांना, म्हणजे मला, वाटत होतं सगळं ठीक चाललंय. आणि प्रश्नावलीला वाटत होतं नव्वद. सगळ्यांचं आपापल्या परीने बरोबर होतं. चारचौघांत बसायचंच नाही म्हटल्यावर ठसक्याची भीती कशाला वाटेल? दार बंद केल्यावर कोणापेक्षा जास्त वेळ लागणार? भाऊजी त्या खडखडणाऱ्या सीटवर स्वतः बसले होते, आणि इन्स्पेक्टरबाईंना आवाज आला नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा घामाने चिंब झाले होते. मला बघून दचकले. मी काय बोलायचं ते बोलले, आणि थोडं जास्तच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पास झालो ना? मग तुम्हाला काय पाहिजे?"

"तुम्ही आमच्यात बसून जेवलेलं पाहिजे," मी म्हटलं. "पुढच्या भेटीला ती थेरपी बंद करणार आहे भाऊजी. मग ही खोली आणि हा रेडिओ, हेच तुमचं कायमचं जेवण. चालेल?"

मी कशाला आले होते ते त्यांनी विचारून घेतलं. पाना काढून माझ्या हातात ठेवला.

आता ताईबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची ताई मूग गिळून बसणाऱ्यांतली. राग गिळला, अपमान गिळले, सासूबाईंचे टोमणे तर पाण्यासारखे गिळले. गिळणं ही गोष्ट तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरात कुणाला गिळता येत नाही हे तिला कळूनसुद्धा त्यावर बोलता येत नव्हतं. म्हणून शेवटच्या भेटीला बोलायचं ते मीच बोलायचं असं मी ठरवलं होतं. वाटेत मनातल्या मनात भाषणसुद्धा तयार केलं.

थेरपिस्टने हसून कागद पुढे ओढला. "काका, आज शेवटचं."

मी घसा साफ केला, आणि ताई बोलली.

"बाई, हे सगळं खोटं आहे."

ताईची पिशवी आजही मांडीवर होती, पण आवाज तिचा नव्हताच, कुणीतरी उसना दिल्यासारखा. "त्यांनी तुम्हाला जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण सगळं मिळून खोटं आहे. त्यांना भीती वाटत नाही, कारण ते दाराला कडी लावून जेवतात. मी ओट्याशी जेवते. आमच्या घरात टेबलावर कुणी बसत नाही."

"तू गप्प बस," भाऊजी म्हणाले.

"नाही बसत." ताई त्यांच्याकडे वळली. "अहो, सीटचं सोडा. ब्रेकच्या बाबतीत तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. हा ब्रेक आहे."

थेरपिस्टला यातलं अर्धं कळलं नसणार. कुठली सीट, कसला ब्रेक. पण ती मुलगी शहाणी. तिने कागद उलटा करून ठेवला, केसांतलं पेन काढलं आणि तेही बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "काका, कडी का लावावी लागते?"

भाऊजींनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. नखांत अजून ग्रीस असतं त्यांच्या, कितीही धुवा. मग हळूहळू, शब्द शोधत, सांगितलं. घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात ते डेपोत सगळ्यांना भेटायला गेले होते. कॅन्टीनमध्ये आपल्या माणसांत बसले. मऊ भात सोबत नेला होता. कुणीतरी विनोद केला, यांना हसू आलं, आणि घास चुकला. खोकला थांबेना. तोंडातलं टेबलावर उडालं, नाकातून आलं. डोळे पुसून वर बघितलं तर समोरचा नवा ड्रायव्हर आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलाकडे निघाला होता.

"त्याची चूक नाही," भाऊजी म्हणाले. "त्याच्या ताटात गेलं असतं. मीही उठलो असतो." आणि मग म्हणाले, "पण मला ती पाठ दिसत राहते. जेवायला बसलं की समोर ती पाठ. मग घरात तरी कुणाला उठायला कशाला लावायचं? आपणच उठलेलं बरं."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला इतकं रडू आलं की मी भिंतीवरचं घशाचं चित्र वाचायला लागले. सहा महिने हा माणूस आम्हाला उठावं लागू नये म्हणून एकटा खोकत होता, आणि मी पास झाल्याबद्दल त्याचं अभिनंदन करत होते.

थेरपिस्ट म्हणाली, "थेरपी बंद नाही करत मी." आणि मग, जरा ओशाळून, "मी विचारायला हवं होतं. भीती वाटत नाही म्हणालात तेव्हा मी फक्त खूण केली." तिने व्यायाम तेच ठेवले, पण एक काम वाढवलं. रोज एक जेवण, माणसांत. आधी घरच्यांसमोर.

पहिलं जेवण त्याच रात्री झालं. इस्त्रीचे कपडे पलंगावर गेले. टेबलावर तीन ताटं, मी तिसरी. भाऊजींनी हनुवटी झुकवून पहिला घास गिळला, खोकले, दुसरा गिळला. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत नाही आहोत असं दाखवायला इतक्या धडपडत होतो की मी माझ्याच भाजीत दोनदा मीठ घातलं. तिसऱ्या की चौथ्या घासाला व्हायचं ते झालं. चेहरा लाल, डोळे बाहेर, टेबलावर शितं उडाली. आवाज येतोय, श्वास चालू आहे, तोवर खोकू द्यायचं आणि पाठीत थापा मारायच्या नाहीत, हे आम्हाला शिकवलं होतं. ते शिकणं सोपं होतं, तिथे बसणं सोपं नव्हतं. भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली, दोन्ही हात टेबलावर रोवले, उठायला निघाले.

ताई जागची हलली नाही. तिने तिच्या पुढ्यात उडालेली शितं बोटाने बाजूला केली आणि पुढचा घास तोंडात घातला. चावला. गिळला. मग आणखी एक. मीही खाल्लं. ताटाकडे बघत, खारट भाजी, रडत. खोकला थांबला तेव्हा भाऊजी अर्धे उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि बसले.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही दिवस ते पुन्हा मागच्या खोलीत गेले. एकदा माझ्यावर इतके खेकसले की मी आठवडाभर खाली उतरले नाही. पण उन्हाळा संपताना एक दिवस त्यांनी घट्ट पाण्याची बाटली आणि डबा पिशवीत घातला आणि दुपारी घरी आलेच नाहीत. ताई दारात उभी राहून वाट बघत होती. संध्याकाळी येऊन म्हणाले, "कॅन्टीनमध्ये जेवलो. वाईट झालं. पुन्हा खोकलो."

"कुणी उठलं?"

"एक उठला." भाऊजींनी बूट काढले. "उद्या दुसऱ्या बाजूला बसतो."

त्यानंतर काही महिन्यांनी थेरपिस्टने पुन्हा ती प्रश्नावली काढली. तिला बहुधा पुरावा हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. आता गुण शंभराला भिडणार अशी माझी खात्री होती. भाऊजींनी एकेका प्रश्नाला नीट विचार करून उत्तर दिलं. जेवायला इतरांपेक्षा वेळ लागतो का? "दुप्पट. ते उठतात तेव्हा मी अर्ध्यात असतो." ठसक्याची भीती? "प्रत्येक घासाला." थेरपिस्टचा चेहरा उतरत चालला. खाली चौकोन भरत होते आणि सगळे चुकीच्या बाजूला.

"चारचौघांत खाताना लाज वाटते का?"

"वाटते."

"कधी कधी, की बरेचदा?"

"रोज."

तिने पेन थांबवलं. "रोज, काका?"

"रोज," भाऊजी म्हणाले. "बाई, लाज वाटायला चारचौघांत बसावं लागतं. लिहा."

तिने लिहिलं. बेरीज केली, पुन्हा केली, आणि कागद आमच्याकडे फिरवला. आकडा मागच्या वेळेच्या निम्म्यावर आला होता. ताईने तो बघितला, पिशवी खांद्याला अडकवली आणि मला म्हणाली, "चल गं लवकर. उशीर झाला तर ह्यांची डेपोतली जेवणाची सुट्टी संपेल."